राबाचा ऐन: डोकं छाटलेल्या झाडांचा इतिहास

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना, किंवा नेवाळी नाक्यावरून मलंगगडाच्या बाजूला वळल्यावर, रस्त्याकडेची झाडं कधी नीट पाहिली आहेत का तुम्ही? त्यात ऐन असतात. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल, त्यामुळे ओळखायला सोपे. त्यातले काही म्हातारे ऐन विचित्र दिसतात. पुरुषभर, दीड पुरुष उंचीपर्यंत जाडजूड सरळ खोड, मग एक ओबडधोबड गाठ, आणि त्या गाठीतून केरसुणीसारख्या वर गेलेल्या बारीक फांद्या. ट्रेकला येणारी मंडळी अंदाज बांधतात की वीज पडली असेल, वादळात मोडलं असेल, नाहीतर लाकूडचोरांचं काम असेल.

यातलं काहीच नाही. हे राबाचे ऐन आहेत. माणसांनी पिढ्यान् पिढ्या ठरावीक उंचीवर, ठरावीक हंगामात कोयत्याने छाटले आणि छाटता छाटता जगवले.

ब्लॉगवर नव्याने आलेल्यांसाठी सांगते. मी एमएस्सी वनस्पतिशास्त्रात केलं आणि आता पीएचडीला माझा विषय हीच झाडं आहेत. विषय मंजूर करताना आमच्या गाइडनी विचारलं होतं की यात वनस्पतिशास्त्र किती आणि इतिहास किती. ते प्रमाण अजून ठरायचंय. पण ठाणे जिल्ह्याच्या जंगलाचा इतिहास सरकारी दप्तरात जेवढा आहे, तेवढाच तो या झाडांच्या आकारात आहे आणि सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे, एवढं मात्र दोन वर्षांच्या फिरण्यात पक्कं झालं. दप्तर कुठे जात नाही. झाडंही अजून काही वर्षं आहेत. माणसं मात्र दर पावसाळ्यानंतर एक-दोन कमी झालेली असतात.

राब म्हणजे काय ते आधी बघू. डोंबिवलीत वाढलेल्या माझ्या वयाच्या पोरांना 'राबणे' हे क्रियापद चांगलंच माहीत असतं, राब माहीत नसतो.

आपल्याकडच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात भात सहसा थेट शेतात पेरत नाहीत. आधी छोट्या वाफ्यात दाट रोप वाढवायचं, ज्याला ठाण्याकडे आवण म्हणतात. मग ते उपटून, मुठी बांधून, चिखळणी केलेल्या शेतात लावायचं. हा रोपाचा वाफा पेरणीआधी भाजून तयार करतात, तो राब. खाली शेण पसरायचं. त्यावर झाडाचा पालेदार टहाळ. त्यावर पातेरा आणि गवत. सगळ्यात वर बारीक केलेल्या मातीचा थर. या मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. पेटवतात तेही वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने, म्हणजे आग पळत सुटत नाही, सावकाश सरकते. टहाळ तोडायचा दिवाळीनंतरच्या थंडीत, वाळवून रचून ठेवायचा, आणि राब भाजायचा होळीनंतर उन्हाळ्यात. ज्यांचं बालपण अशा गावात गेलं त्या माणसांना चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी गावावर तरंगणारा तो निळसर धूर अजून आठवतो. मुरबाडकडच्या एक आजी मला म्हणाल्या, "धूर नाय दिसला त वाटं, औंदा पाऊस यायचाच नाय."

आता शास्त्र. ब्रिटिश वनाधिकाऱ्यांना राब म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटायची: चांगली फांदी जाळायची आणि राख करायची, हा कसला शेतकी धंदा! पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांना घेऊन यावर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. राखेतून पोटॅश मिळतं हे उघड होतं. पण राबाच्या गुणात मोठा वाटा राखेचा नव्हता, माती तापण्याचा होता. माती तापली की तणाचं बी मरतं, सूक्ष्मजीवांची घडी बदलते आणि रोपाला लगेच घेता येईल असं नत्र मोकळं होतं. रोप जोमदार आणि लवकर लावणीला येतं. चार महिन्यांच्या पावसावर ज्यांचं वर्ष ठरतं, त्यांना लावणी आठ-दहा दिवस आधी होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यांच्याही आधी, १८९३ च्या अहवालात, इंग्लंडहून शेती बघायला पाठवलेल्या व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने राबाला अडाणीपणा म्हणून उडवून लावलं नव्हतं. म्हणजे प्रयोगशाळेने शेवटी शेतकऱ्याचंच म्हणणं मान्य केलं. फक्त तोपर्यंत कायदा होऊन तीस वर्षांहून जास्त काळ गेला होता.

एक खुलासा. राब सगळीकडे नव्हता. डोंबिवली पश्चिमेकडे खाडीलगत जी खारजमीन होती, तिथे राब भाजत नसत. तिथे मोड आणलेलं भात चिखलात फेकून पेरायचे. त्यामुळे एकाच गावात रेल्वेच्या एका बाजूच्या आजोबांना राब म्हणजे सगळं आयुष्य वाटतं आणि दुसऱ्या बाजूचे विचारतात, "ते काय असतं?" मुलाखतीला जाताना आधी जमीन कुठली हे विचारायचं, हा धडा मी माझ्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलाय.

आता टहाळ कुठून यायचा, या प्रश्नाकडे येऊ, कारण भांडण तिथेच आहे.

तुमच्या घरी कल्याण, अंबरनाथ, मुरबाड किंवा शहापूरकडचा जुना सातबारा असेल तर काढून बघा. त्यात 'वरकस' असा शब्द सापडेल. आज जमीन विकणाऱ्याला वरकस म्हणजे हलकी, डोंगरउताराची, कमी भावाची जमीन. मूळ अर्थ जास्त नेमका आहे. भातशेताला जोडून असलेली ही माळाची, उताराची जमीन नाचणी-वरीसारख्या पिकांसाठी आणि शेताला राब पुरवण्यासाठी असायची. त्या उतारावरचे ऐन, किंजळ ही भातशेताचीच दूरची टोकं होती म्हणा ना. पण सगळ्यांची वरकस पुरेशी नसे. मग शेजारच्या सरकारी जंगलातून टहाळ यायचा.

आणि जंगलाला त्या काळात दुसरे गिऱ्हाईक मिळालेले होते. मुंबईला सरपण हवं होतं, इमारतींना आणि जहाजांना साग हवा होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, मग कसारा आणि बोरघाट चढायची तयारी सुरू झाली. रुळाखालचे स्लीपर, बांधकाम, भट्ट्या, सगळ्याला लाकूड. मुंबई इलाख्यात १८४७ लाच अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाची पहिला वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. जंगल संपत चाललंय ही खात्याची काळजी खोटी नव्हती, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या क्षेत्रात जंगल खातं म्हणजे खलनायक असं लिहिणं फार सोपं झालंय. ओरबाडणं चालू होतंच. पण ते ठेकेदाराची गाडी भरून जात होतं, आणि पकडायला सोपा होता तो डोक्यावर भारा घेतलेला शेतकरी.

१८७८ साली भारतीय वन कायदा आला. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे जंगलाचे तीन प्रकार झाले आणि फांदी तोडणं हा कुणाचा हक्क, कुणाला दिलेली सवलत आणि कुणाचा गुन्हा, हे कागदावर ठरू लागलं.

गंमत अशी की त्याच १८७८ साली लंडनच्या पार्लमेंटने आणखी एक जंगल कायदा केला, तोही छाटलेल्या झाडांच्या जंगलासाठी. लंडनच्या ईशान्येला एपिंग नावाचं जुनं अरण्य आहे, साधारण २४०० हेक्टरचं. तिथल्या लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात सरपणासाठी फांद्या छाटायचा जुना हक्क होता. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला मध्यरात्री पहिली फांदी तोडायची, नाहीतर हक्क बुडतो, अशी समजूत होती. छाटणी माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे गुरांना कोवळे फुटवे खाता येऊ नयेत. हॉर्नबीम आणि बीचच्या त्या झाडांचे फोटो बघाल तर आमच्या ऐनांची आठवण येईल, तशीच गाठ आणि तशाच केरसुणीसारख्या फांद्या. १८६० च्या दशकात तिथल्या जमीनदाराने जंगलाला कुंपण घालायला सुरुवात केली. टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर आणि त्याच्या घरचे तरीही छाटत राहिले. १८६६ मध्ये त्याच्या घरातल्या तरुणांना तुरुंगात जावं लागलं. प्रकरण गाजलं, लंडनमधले मोकळ्या जागा वाचवणारे वकील-पुढारी मागे उभे राहिले, आणि बारा वर्षांनी कायद्याने एपिंग कायमचं खुलं राहिलं. ६ मे १८८२ ला व्हिक्टोरिया राणी स्वतः येऊन ते जनतेला अर्पण करून गेली.

पण पुढचं वाक्य सहसा सांगत नाहीत. ज्या छाटणीच्या हक्कासाठी विलिंगेलचं घर तुरुंगात गेलं, तो हक्क त्याच कायद्याने संपवला. जंगल वाचलं ते शहरातल्या माणसाला रविवारी फिरायला. लाउटनकरांना बदल्यात भरपाई मिळाली आणि त्या पैशातून १८८४ ला गावात एक सभागृह उभं राहिलं, 'लॉपिंग हॉल'. छाटणीचं सभागृह! ते अजून आहे.

छाटणी थांबल्यावर झाडांचं काय झालं, हे वनस्पतिशास्त्राच्या माणसाला जास्त महत्त्वाचं. बारीक फांद्या खांबाएवढ्या झाल्या, डोकी जड होऊन झाडं उभी चिरू लागली, खाली सावली इतकी दाटली की उजेडात वाढणाऱ्या वनस्पती मागे हटल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या व्यवस्थापनाने काही झाडं पुन्हा छाटायला घेतली. ऑलिव्हर रॅकहॅम या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच सांगितलं की जुनं जंगल म्हणजे माणसाने न शिवलेलं जंगल नव्हे, आणि झाड व कागद शेजारी ठेवून वाचायला हवं. माझी पद्धत मी त्यांच्याकडूनच उचलली आहे.

परत ठाण्याला येऊ. आपल्याकडे भरपाईही नाही आणि सभागृहही नाही. पण लोक गप्प बसले असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने डोंगर आणि गायरानं गिळल्याची जळजळीत तक्रार आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतके अर्जविनंत्या गेल्या की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ ला आला. राब हा त्यात मोठा वादाचा विषय. कोण म्हणतं टहाळ तोडल्याने जंगल मरतं, कोण म्हणतं टहाळाशिवाय भात नाही. वाचताना मला सारखं वाटायचं की यांच्यापैकी कुणीतरी झाडाजवळ जाऊन गाठ मोजायला हवी होती. मरणाऱ्या झाडाला एवढी मोठी गाठ येत नाही. ती अनेक वेळा छाटून, अनेक वेळा फुटल्यावरच येते.

शाळेत आपण १९३० च्या चिरनेर जंगल सत्याग्रहाबद्दल एक ओळ वाचतो, २५ सप्टेंबर, गोळीबार, पुढे. ती ओळ एकदम आकाशातून पडल्यासारखी वाटते. तिच्या आधी टहाळाच्या, गवताच्या, सरपणाच्या भाऱ्यावरून झालेली पन्नास वर्षांची कुरबुर आहे.

आता आठवणींकडे. मी ज्यांना भेटते त्यात मलंगगडाच्या पायथ्याचे आगरी-कुणबी शेतकरी आहेत, ठाकूर-कातकरी वाड्यांतली माणसं आहेत, आणि डोंबिवली पूर्वेच्या जुन्या गावठाणांत चारी बाजूंनी टॉवर आलेल्या घरांत राहणारे आजी-आजोबाही आहेत. यांना कायद्याचं साल विचारून उपयोग नाही. पण नियम विचारा, फडाफड सांगतात. ऐन सगळा बोडका करायचा नाही, शेंड्याची एखादी फांदी ठेवायची, झाड ओळखलं जातं आणि जगतंही. एकाच ऐनावर दर वर्षी चढायचं नाही, आलटून पालटून. मोह, आंबा, जांभूळ, हिरडा यांना कोयता लावायचा नाही. चढणारा पुरुष, खाली भारा बांधणारी आणि वाहणारी बाई. हे शेवटचं मला पुरुषांनी कधीच आपणहून सांगितलं नाही. बायांनी सांगितलं, मान आणि गुडघे दाखवत.

आणि झाडांना मालक होते. जमीन सरकारजमा झाली, तरी ऐन कुणाचा हे गावाला माहीत असायचं. भावांच्या वाटणीत भांडी, बैल, शेत आणि ऐन. झाडांना नावंसुद्धा: वाकडा ऐन, थोरल्याचा ऐन, सासरवाडीचा ऐन (हा हुंड्यात आला होता की भांडणात, यावर त्या घरात अजून एकमत नाही). कुठल्या नकाशावर हे येत नाही. डोंबिवली पूर्वेच्या एका आजींनी मला ओसरीवर बसून अकरा झाडांची जागा सांगितली. आता कुठल्या सोसायटीचं पार्किंग, कुठे पाण्याची टाकी, कुठे शाळेची भिंत. अकरातलं एक उभं आहे, एका कंपाउंडच्या कोपऱ्यात. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "जुनं झाड आहे मॅडम, वाकडं आहे म्हणून तोडायचं म्हणत होते."

राब थांबला कधी? याचं एक साल नाही. युरिया आला, घरची गुरं कमी झाली म्हणजे शेण गेलं, पोरं एमआयडीसीत कामाला गेली, मग शेतच विकलं गेलं. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेकांची झाडझाडोरा असलेली जमीन सरकारच्या नावे झाली, तेव्हा 'आमच्याच झाडाला हात लावायची भीती' सुरू झाली असं काही जण सांगतात. काही आतल्या पाड्यांत राब अजून भाजतात, कमी, पण भाजतात.

इथे माझं वनस्पतिशास्त्र कामाला येतं. शेवटची छाटणी झाल्यावर गाठीतून ज्या फांद्या फुटल्या, त्यांचं वय म्हणजे छाटणी थांबून झालेली वर्षं. सागाची वर्तुळं स्पष्ट असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच ठाणे भागातल्या सागाच्या वर्तुळांवर अभ्यास छापला होता. ऐनाची वर्तुळं त्यामानाने त्रास देतात, सलग दिसत नाहीत. म्हणून मी मोडून पडलेल्या फांद्याच घेते, जिवंत झाडाला करवत लावत नाही, आणि मोजणीशेजारी माणसाची आठवण ठेवते. माणसं साल सांगत नाहीत, खूण सांगतात: आणीबाणीत, धरणात गावं गेली तेव्हा, थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. लग्नपत्रिका सापडली तर साल पक्कं. कपाटातल्या जुन्या पत्रिका हा माझ्या प्रबंधातला सर्वात विश्वासू पुरावा आहे, हे गाइडना अजून पूर्ण पटलेलं नाही.

हे सगळं कशाला, असं मला घरीसुद्धा विचारतात. उपयोगाचं एक कारण सांगते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गाव किंवा कुटुंब जंगलावरच्या वापराचा हक्क मागतं, तेव्हा पुरावा द्यावा लागतो. कागद बहुतेकांकडे नसतो. पण २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमात, दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून धरलंय. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, दाखवावी लागतात. आता हिशेब करा. एवढं मागचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज कितीसा सापडणार? निदान आजोबांकडून ऐकलेला माणूस तरी हवा. तो आज ऐंशीचा आहे. 'आमचे लोक इथे टहाळ तोडायचे' या मोघम वाक्यापेक्षा 'ओढ्यावरचा वाकडा ऐन आमच्या वाटणीचा' हे वाक्य, आणि ओढ्यावर जाऊन बघितलं तर खरोखर गाठ असलेला वाकडा ऐन, या जोडीत जास्त वजन आहे.

उलट उपग्रहाच्या चित्रात हाच उतार कसा दिसतो? भारतीय वन सर्वेक्षण छत्राच्या दाटीवरून जंगलाचे वर्ग करतं: ७० टक्क्यांवर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. छाटलेल्या ऐनांची वरकस विरळात जाते. विरळ म्हटलं की पुढचा माणूस 'ऱ्हास झालेलं' असं वाचतो, आणि तिथे खड्डे खणून ओळीत नवी रोपं लावायचा कार्यक्रम आखतो. शंभर वर्षांच्या गाठी असलेल्या झाडांच्या मधोमध लावलेली ती ओळ मी मागच्या उन्हाळ्यात बघितली. बरीच रोपं वाळलेली होती. ऐनांना नवी पालवी होती.

घरी राबाच्या गावचं कुणी वडीलधारं माणूस असेल, तर या दिवाळीत विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. फक्त "तुम्ही राब भाजायचात का?" असं विचारू नका. "हो, भाजायचो" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. "टहाळ कुठल्या झाडाचा आणायचात?" असं विचारा. मग थोडा वेळ शांतता असते, आणि झाडांची नावं यायला लागतात.